पेटंट मोडले, तोटा किती?

नागपूरच्या उत्तरेला जरीपटका नावाची वस्ती आहे. नाव अस्सल मराठमोळे, मराठी फौजेपुढे चालणाऱ्या जरीच्या निशाणाचे. वस्ती मात्र मुख्यतः सिंधी मंडळींची. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार टाकून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली आणि त्यांनी पुन्हा व्यापार उभा केला. आजचा आपला विषय आहे पेटंटभंगाची नुकसानभरपाई. मग सुरुवात जरीपटक्यापासून का, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की गेलेल्या वस्तूची किंमत सरकारदरबारी शाबीत करणे किती जिकिरीचे असते, हे या वस्तीतल्या मागच्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

१९५० साली निर्वासितांच्या दाव्यांचा कायदा झाला. मागे राहिलेले घर, दुकानाची जागा यांची किंमत सांगायची, कागद दाखवायचे, कागद नसतील तर ओळखीचे साक्षीदार उभे करायचे. अधिकारी पडताळणी करून आकडा मंजूर करी. हा कायदा स्थावर मिळकतीपुरता होता. दुकानातला माल, वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके यांना त्या हिशोबात जागाच नव्हती. पुढे १९५४ च्या कायद्याने भरपाई द्यायचे ठरले, तेव्हाही मंजूर झालेला आकडा पुरता हाती पडला नाही. ज्याचा दावा लहान त्याला मोठा हिस्सा, ज्याचा मोठा त्याला लहान हिस्सा, असे कोष्टक सरकारने बांधले. म्हणजे प्रश्न दोन झाले. गेले किती, हा पहिला. ते कोणत्या दराने मोजायचे, हा दुसरा. नग गुणिले दर! चौथीच्या मुलाला येणारा गुणाकार. पण त्यातले दोन्ही आकडे भांडणाचे.

पेटंटाच्या दाव्यात हाच गुणाकार असतो, आणि तो याहूनही अवघड. का, ते पाहू.

पेटंट, म्हणजे सरकारी मराठीत एकस्व. नवी युक्ती शोधणाऱ्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे मिळणारा हक्क. त्या मुदतीत त्याच्या परवानगीवाचून ती वस्तू दुसऱ्याने बनवायची नाही, वापरायची नाही, विकायची नाही. आपल्याकडे असा पहिला कायदा १८५६ साली आला, मग १९११ चा, आणि सध्याचा १९७० चा, जो १९७२ पासून अमलात आला व २००५ मध्ये मोठा बदलला.

आता शेजाऱ्याची गुरे तुमच्या ज्वारीत शिरली तर काय होते? पंच येतात, किती ओळी खाल्ल्या, किती तुडवल्या ते पाहतात, पंचनामा होतो. नासाडी डोळ्यांना दिसते. पेटंट मोडले तर मात्र काहीच नाहीसे होत नाही. तुमची युक्ती तुमच्याजवळच असते, यंत्र तुमच्या पडवीत तसेच उभे असते. मग गेले काय?

हा प्रश्न ब्रिटनमध्ये १९१४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला होता. साखर कारखान्यात लागणाऱ्या गरगर फिरणाऱ्या यंत्रांचे ते भांडण. प्रतिवादीने काही यंत्रे थेट जावा बेटावर विकली होती. त्याचे म्हणणे, जावाचे गिऱ्हाईक वादीला मिळालेच नसते. मग त्याचा तोटा कसला? तेव्हा लॉर्ड शॉ या न्यायाधीशांनी घोड्याचा दाखला दिला. भाड्याने घोडे देणाऱ्याचा घोडा तबेल्यात रिकामा उभा आहे. कोणी न विचारता त्यावर बसून फिरून आला, घोडा धडधाकट परत बांधला आणि म्हणाला, तुझे काय गेले? उलट घोड्याला व्यायामच झाला! असे म्हणून चालेल का? नाही चालत. भाडे द्यावेच लागेल. बैलजोडी मागितल्याशिवाय नेणाऱ्याला आपल्या गावात जे ऐकवतात तेच हे; फक्त लॉर्डसाहेबांच्या तोंडून आले म्हणून ते जगभरच्या कोर्टांत पोहोचले.

हे जे भाडे, त्याला पेटंटाच्या व्यवहारात रॉयल्टी किंवा स्वामित्वधन म्हणतात. आपल्या कायद्याचे कलम १०८ सांगते, की कोर्ट मनाई हुकूम देऊ शकते, आणि त्याशिवाय वादीने दोहोंपैकी एक निवडावे: स्वतःच्या नुकसानीची भरपाई, किंवा समोरच्याने कमावलेल्या नफ्याचा हिशोब. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

गुरुजींनी हे उदाहरण फळ्यावर घालून पाहावे. समजा, कळमेश्वरच्या एका कारागिराने संत्र्यांची प्रतवारी करणारे यंत्र काढले, पेटंट घेतले. एक यंत्र ४०,००० रुपयांना विकतो, त्यात ८,००० सुटतात. दुसऱ्याने तेच उचलून २५,००० ला १०० यंत्रे विकली. प्रत्येकी ३,००० नफा. कारागीर म्हणतो, माझी १०० गिऱ्हाइके गेली, ८ लाख द्या. वकील विचारतो, २५,००० देणारा प्रत्येक जण ४०,००० द्यायला तयार होता कशावरून? साक्षीपुराव्यात ठरले, की ३० जणांनीच घेतले असते. झाले २ लाख ४० हजार. उरलेली ७० यंत्रे म्हणजे तो घोडा; त्यांचे भाडे यंत्रामागे २,००० धरले तर १ लाख ४० हजार. एकूण ३ लाख ८० हजार. नफ्याचा रस्ता धरला असता तर ३ लाख. आणि पेटंट सबंध यंत्राचे नसून फक्त चाळणीचे असेल, तर चाळणीच्या वाट्याचे तेवढेच मागा, असे समोरचा म्हणेल ते वेगळेच.

आठाचे चार कसे झाले, हे मुलांना विचारा. उत्तर गणितात सापडणार नाही. ते आहे पुराव्यात: कोणाला किती माल विकला, गिऱ्हाइकाने दर ऐकून पाठ का फिरवली, मागच्या वर्षी खप किती होता. वही नसेल तर कारागीर कितीही खरा असो, कोर्टापुढे त्याचा तोटा नुसती तक्रार ठरतो.

आणि पुष्कळदा नगांची वही असते ती समोरच्याकडे! तो ती का दाखवील? दिल्ली उच्च न्यायालयात फिलिप्स कंपनीचा डीव्हीडी यंत्रांबद्दलचा दावा होता. २०१८ मध्ये निकाल लागला, तेव्हा दर ठरला तो बाजारात इतर परवानेदार जो देत होते त्यावरून: आधीच्या काळासाठी यंत्रामागे ३.१७५ डॉलर, २०१० च्या मे अखेरपासून १.९० डॉलर. पण यंत्रे विकली किती, हे शोधायला कोर्टाला एक निवृत्त न्यायाधीश नेमावे लागले. पुढे मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या एकलपीठाने एरिक्सन विरुद्ध लावा या मोबाइल फोनच्या खटल्यात विक्री किमतीच्या १.०५ टक्के दर धरून सुमारे २४४ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. टक्का केवढासा, आणि आकडा केवढा! फोनच इतके विकले गेले होते.

हे झाले दिल्लीचे. आता आपल्या पांढऱ्या सोन्याकडे या, कारण दराची खरी ओढाताण विदर्भाने स्वतःच्या खिशातून पाहिली आहे.

२००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणारे बीटी कपाशीचे वाण मंजूर झाले, ते जालन्याच्या महिकोचे. जनुक अमेरिकेच्या मॉन्सॅन्टो कंपनीचे. गंमत अशी, की या पहिल्या पिढीच्या जनुकावर भारतात पेटंट नव्हतेच. तरी बियाणे कंपन्यांशी करार करून शुल्क घेतले जाई, आणि ते शेवटी ४५० ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीत शेतकऱ्याकडून वसूल होई. पाकीट १,६०० रुपयांच्या वर, त्यातले सुमारे १,२५० शुल्काचे. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार नेली, आयोगाने शुल्क कमी करायला सांगितले, आणि पाकीट ७५० वर आले.

त्याच पहिल्या पिढीच्या जनुकाची एक नागपुरी कथाही आहे. इथल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर सरकारी बीटी वाण काढले. संकरित नव्हे, सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्याला घरचे बी ठेवता येईल असे. २००९ मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत गेले आणि लवकरच थांबवावे लागले. पुढे चौकशी समितीला त्यात मॉन्सॅन्टोच्याच वाणातले जनुक मिसळलेले आढळले. संस्थेच्या नावाला तो मोठा धक्का होता. पण भारतात त्या जनुकावर पेटंट नव्हते. त्यामुळे पेटंटभंगाच्या भरपाईचा प्रश्नच उद्भवत नव्हता. हक्कच नसेल तर नग आणि दर मोजून काय उपयोग?

दुसरी पिढी, बोलगार्ड दोन, २००६ मध्ये आली आणि तिला २००८ मध्ये पेटंट मिळाले. इथे शुल्क कमी होत होत पाकिटामागे सुमारे १६३ रुपयांवर आले होते. हैदराबादच्या नुझिवीडू कंपनीने ते आणखी कमी करा म्हटले, करार तुटला, आणि २०१६ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्याच मार्चमध्ये केंद्र सरकारने स्वतःच दर ठरवला: पाकीट ८०० रुपये, त्यात शुल्क फक्त ४९. पुढे २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २०, आणि २०२० मध्ये शून्य.

समजा, कोणी परवान्याशिवाय एक लाख पाकिटे विकली. १,२५० च्या दराने भाडे होते साडेबारा कोटी, १६३ ने एक कोटी ६३ लाख, ४९ ने ४९ लाख, २० ने २० लाख. पाकीट तेच, जनुकाची भाडेपट्टी तेवढी बदलली. मग तोटा नेमका कोणता? कंपनी म्हणणार, सरकारने दर पाडला म्हणून माझ्या शोधाची किंमत पडत नाही. शेतकरी म्हणणार, १,२५० हा दर तरी बाजाराने कुठे ठरवला होता. दुसरा विकणारा होताच कोण? माझ्या मते शेतकऱ्याच्या बाजूला वजन अधिक आहे. एकट्या विकणाऱ्याने लावलेला भाव हा मापदंड धरला, तर ज्याचा तोटा त्याच्याच हाती तराजू दिल्यासारखे होते. तरीही शोध लावणाऱ्याला शून्य, हेही फार काळ चालणार नाही. मग नवे वाण काढील कोण?

कोर्टाने याचा निवाडा केला का? एकल न्यायाधीशांनी २०१७ मध्ये परवाना चालू धरून सरकारी दराने शुल्क द्यायला सांगितले. २०१८ मध्ये खंडपीठाने पेटंटच रद्द केले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि पुरावा घेऊन खटला चालवा म्हटले. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवले. तोवर पेटंटाची २० वर्षेही सरली होती. पाच वर्षे भांडण चालले, आणि तो गुणाकार फळ्यावर मांडला गेलाच नाही.

आकडा नुसता धाक घालायलाही वापरता येतो. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाटा वाणाबद्दल गुजरातच्या चार शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या कोर्टात दावा लावला आणि प्रत्येकाकडून १ कोटी ५ लाख रुपये मागितले. हे पेटंट नव्हते, वाणाच्या नोंदणीचा हक्क होता. पण हिशोबाचा प्रश्न तोच. लहान शेतकऱ्याच्या बटाट्याने एवढ्या मोठ्या कंपनीचा कोटीचा तोटा होतो तो कसा? ते सिद्ध करायची वेळ आली नाही. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बी राखण्याची, पेरण्याची, देवघेव करण्याची, विकण्याचीही मुभा देतो. नावाचा छाप मारून मात्र विकता येत नाही. हे कलम ३९ प्रत्येक गावच्या वाचनालयात लावून ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्यातल्या कारागिरांसाठी दोन शब्द. नागपुरात १९८० साली पेटंट माहितीचे सरकारी केंद्र सुरू झाले. तेव्हा जुन्या पेटंटांचे कागद चाळायला तिथे जावे लागे. आज सरकारी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतात. दुसऱ्याचे यंत्र पाहून तसेच बनवण्याआधी तेवढा शोध घ्यावा. आणि पेटंट आपले असेल तर कलम १११ लक्षात ठेवावे. असे पेटंट असल्याचे मला माहीत नव्हते, आणि माहीत व्हायला वाजवी कारणही नव्हते, असे समोरच्याने सिद्ध केले तर मनाई हुकूम मिळतो, भरपाई मिळत नाही. यंत्रावर नुसते 'पेटंट' असे कोरून भागत नाही. कायद्याच्या लेखी ती सूचनाच नव्हे. शब्दाजवळ पेटंटाचा क्रमांकही कोरलेला हवा.