कोंबडीबद्दलचे गैरसमज: त्यांचा जन्म कुठे झाला?

लढायांवर बोलणारा हा निवृत्त फौजी आज कोंबडीवर बोलणार म्हटल्यावर काही जण हसतील. हसा. पण लंगरला अंड्यांचे ट्रे वेळेवर पोचले नाहीत तर सकाळ कशी जाते, हे कुठल्याही जवानाला विचारा. शिवाय निवृत्तीनंतर महूला घरामागे मी आठ-दहा गावठी कोंबड्या पाळतो. येणारा प्रत्येक पाहुणा, मराठी असो की माळवी, मला त्याच चार-पाच गोष्टी छातीठोकपणे सांगून जातो. मला इतिहासाची खोड, म्हणून या गोष्टी आल्या कुठून ते शोधत गेलो.

पहिली आपल्या अभिमानाची. कोंबडी जगाला सिंधू संस्कृतीने दिली, असं बरीच पुस्तकं सांगत आली. २०२० साली जगभरच्या आठशेहून अधिक कोंबड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून पाळीव कोंबडीचं मूळ नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या लाल रानकोंबड्यात निघालं. ईशान्येला पोस्टिंग असताना लाल रानकोंबडा मी पाहिलाय. संध्याकाळ झाली की भर्रकन उडून झाडावर बसतो. घरची कोंबडी रात्री उंच दांडीवर बसायला धडपडते, ती सवय तिथलीच. पण आपला मान अगदीच गेला नाही बरं का. तुमच्या कोंबडीचे पाय पिवळे असतील तर तो पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून आलाय, असं २००८ सालच्या संशोधनाने दाखवलं.

दुसरी गोष्ट: कोंबडा नसेल तर अंडं नाही. गावात हा समज होणं स्वाभाविक होतं, कारण आळीत एखादा कोंबडा असायचाच. कोंबड्याविना कोंबड्या कोणी पाहिल्याच नव्हत्या. खरं तर तलंग वयात आली की कोंबडा असो-नसो, अंडी घालते. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. हे गांधीजींनाही ठाऊक होतं. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी म्हटलंय की, ज्याला दूध चालतं त्याला असं निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी. पुढे पोल्ट्र्या आल्या, पिंजऱ्यात नुसत्या कोंबड्या, रोज अंडी. लोकांना ते अनैसर्गिक वाटलं. कोंबडा नाही म्हणजे इंजेक्शन असणार! मला वाटतं, आपल्याकडे इंजेक्शनच्या गोष्टीला पहिलं बळ इथूनच मिळालं.

आता त्या इंजेक्शनकडे सविस्तर वळू, कारण हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे आणि त्याच्या मुळाशी थोडं सत्यही आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेत डीईएस नावाच्या कृत्रिम स्त्री-संप्रेरकाची गोळी कोंबड्याच्या मानेच्या कातडीखाली बसवत. त्याने मांस मऊ आणि चरबीदार होई. धोके दिसू लागले, तेव्हा १९५९ साली तिथल्या सरकारने कोंबड्यांमध्ये तिचा वापर थांबवला. आपल्याकडे ब्रॉयलर रुजला तो त्यानंतर. गोळी आली नाही, गोष्ट मात्र आली.

मग सहा आठवड्यांत दोन किलोचा ब्रॉयलर होतो कसा? निवडीने. १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ नावाची देशव्यापी स्पर्धा झाली. भरल्या छातीच्या आणि लवकर वाढणाऱ्या कोंबड्या कोण तयार करतो, याची. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या सर्वांत जलद वाढणारेच नर-मादी निवडले गेले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने याचा हिशेबच मांडला. १९५७ आणि १९७८ सालचे जतन केलेले वाण आणि २००५ सालचा वाण, तिन्हींची पिल्लं एकत्र वाढवली, खाद्य एकच दिलं. ५६ दिवसांनी सरासरी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. (या वेगाची किंमत पाखराचे पाय आणि काळीज मोजतात, ती वेगळी आणि खरी तक्रार आहे.) आणि साधा फौजी हिशेब करा: पाच हजार पाखरांची शेड, दोन माणसं. रोज पाच हजार सुया कोण टोचणार? वाढीचं संप्रेरक खाद्यात घातलं तर ते प्रथिन असल्यामुळे पोटात पचून जातं. पिल्लांना सुई दिसते ती लसीची.

मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. हार्मोनच्या धाकात सगळे गुंतल्यामुळे अँटिबायोटिकबद्दल कोणी विचारत नाही. ती मात्र खाद्यात खरोखर मिसळली जात होती, रोगासाठी नव्हे, वजनासाठी. माणसाला इतर औषधं लागू पडेनाशी झाली की डॉक्टर शेवटी कोलिस्टिनकडे वळतात. तेच औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जाई. २०१९ साली केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. पोल्ट्रीवाल्याला विचारायचा प्रश्न हा आहे: औषध कुठलं दिलं आणि विकण्याआधी किती दिवस बंद केलं?

तपकिरी अंडं जास्त पौष्टिक, हेही ऐकतो. कवचाचा रंग जातीवर ठरतो. लेगहॉर्नचं पांढरं, ऱ्होड आयलंड रेडचं तपकिरी. कडकनाथचं अंडं काळं, ही तर त्यावरची कडी. आमच्या माळव्याशेजारच्या झाबुआचा हा पक्षी मांसाहाडापर्यंत काळा असतो, झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, पण अंडं फिकट तपकिरीच. या काळ्या कोंबडीच्या दंतकथांवर पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडे मोठा घोटाळा उघडकीस आला. पक्षी आणि अंडी चढ्या भावाने परत घेऊ, या आश्वासनावर शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये अडकले.

आणि आता अफवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. रोग खरा होता, पाखरं मारावी लागली, ते योग्यच. आजारी पाखरं हाताळणाऱ्यालाही धोका होताच. पण ७० अंशांवर नीट शिजवलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही, आणि आपल्याकडे रस्सा उकळल्याशिवाय कोण जेवतं? तरी जिथे रोगाचा मागमूस नव्हता तिथेही ताटातली कोंबडी गेली. २०२० साली तर तेवढाही आधार नव्हता. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, असे संदेश मोबाईलवर फिरले आणि भाव कोसळला. खाद्याचा खर्चही निघेना. बेळगाव जिल्ह्यात गोकाककडे एका पोल्ट्रीवाल्याने हजारो जिवंत पाखरं खड्ड्यात पुरली, त्याची चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. पुढे लोक पुन्हा कोंबडी मागू लागले, तेव्हा माल अपुरा पडला आणि भाव चढले. ज्यांनी शेड रिकाम्या केल्या होत्या, त्यांच्याकडे त्या भावाने विकायला एकही पाखरू नव्हतं.