अर्ध्या थालीपिठाचा इतिहास

आईची पाककृतींची वही आता पार जीर्ण झालीय. पानं सुटतात, शाई फिकटलीय. म्हणून म्हटलं, सगळ्या नातेवाइकांना बघता येईल असं एक वेबपान करूया. पंचेचाळिशीत हे काम शिकायला घेतलंय, तेव्हा पहिलाच प्रयोग: तीन कार्डं, प्रत्येकात फोटो, नाव, कृती. ग्रिडला ठणकावून सांगितलं, तीन रकाने, प्रत्येकी ३२० पिक्सेल. लॅपटॉपवर झकास!

आईने मोबाईलवर उघडलं. "अरे, पुरणपोळी दिसतेय, थालीपीठ थोडंसंच, आणि साटोऱ्या कुठायत?"

चूक शोधता शोधता मी इतिहासात शिरलो (जुनी खोड!). गंमत अशी की टिम बर्नर्स-ली यांचं पहिलं वेबपान, जे सर्नने २०१३ साली मूळ पत्त्यावर परत ठेवलं, ते मुळातच लवचिक आहे. संगणकावर खिडकी अरुंद करा, ओळी आपोआप मोडतात. म्हणजे ताठरपणा आणला तो आपणच, छापील पानाच्या सवयीने. १९९६ साली डेव्हिड सीगल यांच्या पुस्तकाने तक्त्यांमध्ये पान बसवायची आणि एका पिक्सेलचं अदृश्य चित्र ताणून जागा सोडायची युक्ती लोकप्रिय केली. तक्ते खरं तर आकडेवारीसाठी! पण सीगलना दोष कसा द्यायचा? सीएसएस त्याच वर्षअखेरीस प्रमाण ठरलं खरं, पण ब्राउझर ते नीट पाळत नव्हते.

२००० साली जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन माणसाने लिहिलं की पानावर पूर्ण हुकमत नसणं ही वेबची उणीव नव्हे, लवचिकता हा तिचा गुण आहे. फारसं कुणी मनावर घेतलं नसावं. मग २००७ साली आयफोन आला, आणि २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव रूढ केलं. प्रमाणात बसणारे रकाने, आक्रसणारी चित्रं, आणि पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे नियम.

तरी कार्डांचे हाल संपले नव्हते. ती फ्लोटने रचत, जे मुळात चित्राभोवती मजकूर वळवायला होतं. एक कार्ड बोटभर उंच झालं की खालच्या ओळीतलं त्याला अडकून बसे. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत ग्रिड आलं तेव्हा कुठे सुटका झाली.

आणि मी? ते ग्रिड हाताशी असून १९९६ सारखे आकडे ठोकून बसलो होतो! आता एकच ओळ आहे: रकाना २५० च्या खाली नको, मावतील तितके कर, उरलेली जागा सारखी वाट.

आईला पुन्हा दाखवलं. तिन्ही कार्डं एकाखाली एक. तिने चष्मा वर केला, साटोऱ्यांपाशी थांबली.

"रव्याचं प्रमाण चुकलंय."