यकृताचा कडकपणा मोजताना

पोटावर बोटं दाबून यकृताचा अंदाज घेण्याची रीत फार जुनी. त्या अंदाजाला आकडा मिळाला तो पॅरिसमध्ये. २००१ साली तिथे एकोसेन्स कंपनी निघाली आणि २००३ मध्ये लोरां साँद्रँ व सहकाऱ्यांनी तिच्या फायब्रोस्कॅन या यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्रामागचं तंत्र शोधनिबंधात मांडलं. रुग्ण उताणा, उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांच्या फटीत टेकवलेला प्रोब त्वचेवर टिचकी मारतो. तिची लाट यकृतातून किती वेगाने जाते, हे अल्ट्रासाउंड टिपतं. लाट जितकी वेगवान, तितकं यकृत कडक.

पण आकडा भरवशाचा किती?

बोर्दोच्या डॉक्टरांनी पाच वर्षांतल्या १३,३६९ तपासण्यांचा हिशेब २०१० मध्ये छापला. ३.१ टक्के वेळा मोजमाप झालंच नाही, १५.८ टक्के वेळा ते बेभरवशाचं निघालं. मुख्य कारणं दोन: रुग्णाचा लठ्ठपणा आणि तपासणाऱ्याचा अपुरा सराव. लठ्ठ रुग्णांसाठी वेगळा एक्सएल प्रोब आला. सरावाला मात्र पर्याय नाही. शिवाय जेवणानंतर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा फुगतो. यकृताला आलेली तीव्र सूज किंवा हृदय थकल्याने तुंबलेलं रक्तही तेच करतं.

तेव्हा तपासणीआधी किमान तीन तास काही खाऊ नका, आणि रिपोर्टमध्ये दहा मोजमापं नोंदली आहेत का, ते जरूर पाहा.