एक डाव भुताचा

'एक डाव भुताचा' हा इ.स. १९८२ मध्ये प्रदर्शित झालेला मराठी विनोदी कल्पनारम्य चित्रपट आहे. दिग्दर्शन रवी नमाडे यांचे, तर पटकथा व संवाद द. मा. मिरासदार यांचे आहेत. अशोक सराफ, दिलीप प्रभावळकर व रंजना हे प्रमुख कलाकार असून स्वतः मिरासदार यांनी त्यात मुख्याध्यापकाची छोटी भूमिका केली आहे.

कथासूत्र

खेडेगावातील एका साध्या मास्तराची (प्रभावळकर) मराठेशाहीच्या काळातील एका भुताशी (सराफ) गाठ पडते. दोघांची मैत्री जमते व तीतून प्रसंगनिष्ठ विनोद घडत जातो.

लेखकाची पार्श्वभूमी

मिरासदार यांचा जन्म १४ एप्रिल १९२७ रोजी अकलूज येथे झाला. सोलापूर जिल्ह्यातील हे गाव नीरा नदीकाठी असून नदीपलीकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका लागतो. ग्रामीण जीवन, शाळा, मास्तर व गप्पांचे फड हे त्यांच्या कथांचे नेहमीचे विषय होत. 'भुताचा जन्म' व 'व्यंकूची शिकवणी' या त्यांच्या कथा प्रसिद्ध आहेत. शंकर पाटील व व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम लोकप्रिय केले.

वैशिष्ट्ये

लोकसमजुतीत समंध, मुंजा, वेताळ, हडळ असे भुतांचे प्रकार मानले जातात. अपुरी राहिलेली इच्छा माणसाला भूतयोनीत अडकवते, अशीही समजूत आढळते. रूढ भूतकथा या समजुतीतून भय निर्माण करते. या चित्रपटात मात्र भूत हे भयाचे कारण न राहता दुबळ्या माणसाचा सोबती बनते. चित्रपटाचे आकर्षण तांत्रिक चमत्कृतीपेक्षा या नात्यात आहे. अशक्य गोष्ट गंभीर चेहऱ्याने, रोजच्या व्यवहारातली असावी तशी सांगणे ही पारावरच्या गप्पांची रीत असून चित्रपटातही तीच दिसते. 'डाव' या शब्दाचे खेळ व युक्ती हे दोन्ही अर्थ शीर्षकाला लागू पडतात.

जुन्या काळातील भुताला वर्तमानात आणून विनोद साधण्याची कल्पना जागतिक चित्रपटातही आढळते. रने क्लेर यांचा 'द घोस्ट गोज वेस्ट' (१९३५) हे त्याचे एक उदाहरण होय.

नंतरचे चित्रपट

महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटामुळे मराठीतील भय व विनोद यांचे मिश्रण अधिक परिचित झाले. त्यात प्रभावळकर यांनी तात्या विंचू हा खलनायक साकारला. भुताचा मित्र झालेला मास्तर आणि बाहुल्यात शिरलेला गुन्हेगार या त्यांच्या दोन भूमिका एकाच प्रकारच्या चित्रपटांची दोन टोके दाखवतात.