घाटात गाडी लागते का?

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ जे प्रश्न विचारतो, त्यांतल्या एका प्रश्नाचे आपल्या मंडळातील अनेकांना नवल वाटते. "प्रवासात तुम्हाला मळमळतं का?" म्हणजे आपल्या भाषेत, घाटात गाडी लागते का! आता गुडघ्याच्या ऑपरेशनचा आणि खंबाटकी घाटाचा काय संबंध? तीस वर्षे मी रुग्णांना भूल दिली, आधी महाराष्ट्रात आणि नंतर इंग्लंडमध्ये. या प्रश्नामागची ही हकिगत.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया घडवून दाखवली. पुस्तकांतली गोष्ट बहुधा इथेच संपते. रुग्ण शुद्धीवर आल्यानंतरचे कोणी सांगत नाही. ईथरच्या काळात चारांतल्या तिघांना तरी ओकाऱ्या होत असत. याकडे नीट पाहणारा पहिला माणूस म्हणजे लंडनचा डॉ. जॉन स्नो, पुढे कॉलऱ्याचा माग पाण्याच्या पंपापर्यंत काढणारा तोच. शस्त्रक्रियेनंतर लगेच रुग्णाला हलवले की उलटी होते, हे त्याने १८४८ मध्येच लिहून ठेवले. उपाय म्हणून वाइन आणि अफू सुचवली. अफूपासून काढलेल्या मॉर्फिननेच मळमळ वाढते, हे आज आम्हाला ठाऊक आहे. असो.

सत्तरच्या दशकात एका सरकारी रुग्णालयात मी शिकत होतो, तेव्हाही ईथर चालूच होते. वॉर्डभर तो वास आणि प्रत्येक खाटेशी किडनी ट्रे. पोटाच्या ऑपरेशननंतर एक मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, कापल्याचं दुखणं सोसेन, पण ही उलटी नको." प्रत्येक उमाळ्यासरशी त्या दोन्ही हातांनी टाके दाबून धरत होत्या. मी म्हणालो, "भूल उतरली की थांबेल." आम्ही सगळे हेच म्हणत असू. आमच्या नोंदवहीत रक्तदाब होता, नाडी होती; उलटीचा रकानाच नव्हता.

औषधे मात्र येत होती, बहुतेक भलत्याच वाटेने. १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेले क्लोरप्रोमझिन मनोविकारांवरचे औषध म्हणून गाजले. त्याने ओकारीही थांबते असे दिसले. पण रुग्ण गुंगीत जाई आणि रक्तदाब उतरे. नव्वदच्या सुमारास ब्रिटनच्या ग्लॅक्सो कंपनीचे ऑन्डान्सेट्रॉन आले, तेही मुळात कर्करोगाच्या केमोथेरपीसाठी. आतड्यातून मेंदूकडे जाणारा सेरोटोनिनचा निरोप ते अडवते, आणि गुंगी येत नाही. पण किंमत! सगळ्यांना देणे परवडेना. मग द्यायचे कोणाला?

उत्तरासाठी अखेर कोणीतरी मोजायला बसले. १९९९ मध्ये डॉ. ख्रिश्चन अ‍ॅपफेल आणि सहकाऱ्यांनी जर्मनी व फिनलंडमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून चारच गोष्टी निवडल्या: रुग्ण स्त्री आहे का, धूम्रपान न करणारी व्यक्ती आहे का, पूर्वी भुलीनंतर उलटी झाली होती किंवा गाडी लागते का, आणि नंतर मॉर्फिनसारखे औषध लागणार का. एकही नसेल तर धोका शंभरात दहा. चारही असतील तर ऐंशीच्या आसपास. (विडी ओढणाऱ्याला इथे सूट मिळते, हे आमच्या एका काकांना सांगून मी पस्तावलो!)

याच अ‍ॅपफेल यांनी दोन सहकाऱ्यांसह २००० साली एका नियतकालिकाला पत्र लिहिले. जपानचे डॉ. योशिताका फुजी ग्रॅनिसेट्रॉन या औषधावर धडाधड निबंध छापत होते. त्यांत डोकेदुखीसारख्या तक्रारींचे आकडे गटागटांत विलक्षण सारखे येत. इतके सुबक आकडे खरे कसे असतील, असा पत्राचा रोख होता. फारसे कोणी हलले नाही.

२००४ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवरचा खरा प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑन्डान्सेट्रॉन, स्वस्तातले जुने स्टेरॉइड डेक्सामेथासोन आणि ड्रॉपेरिडॉल, प्रत्येकाने धोका साधारण चौथ्या हिश्श्याने कमी केला. दोन दिली तर दुसरे उरलेल्या धोक्यातून तेवढेच कापते. महागडे औषध सरस ठरले नाही. मला तर हा निकाल ऑन्डान्सेट्रॉनच्या शोधाइतकाच मोठा वाटतो, कारण डेक्सामेथासोन तालुक्याच्या रुग्णालयातही मिळते.

फुजींचा निकाल लागायला २०१२ उजाडले. ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी त्यांच्या १६८ प्रयोगांचे गणित तपासले आणि असे आकडे योगायोगाने येणे जवळजवळ अशक्य असल्याचे दाखवले. जपानच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २१२ निबंध तपासले. त्यांतले १७२ बनावट निघाले. कितीतरी रुग्ण कधी अस्तित्वातच नव्हते. ग्रॅनिसेट्रॉन निरुपयोगी नाही, इतरांच्या प्रयोगांतही ते उतरले आहे. पण पत्रापासून निकालापर्यंत बारा वर्षे गेली, आणि त्या काळात फुजींचे निबंध वाचून रुग्णांसाठी औषध निवडणाऱ्यांत मीही होतो.