जाहिरातलेखन

जाहिरातलेखन म्हणजे वस्तू, सेवा किंवा कल्पना यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधून त्यांना खरेदीस, चौकशीस अथवा अन्य एखाद्या कृतीस प्रवृत्त करण्यासाठी केलेले लेखन होय. असे लेखन करणाऱ्या व्यक्तीस जाहिरातलेखक किंवा व्यवसायातील रूढ शब्दात कॉपीरायटर म्हणतात व त्याने लिहिलेल्या मजकुरास ‘कॉपी’ म्हणतात. मुद्रित जाहिरातीत सामान्यतः मथळा, मुख्य मजकूर आणि घोषवाक्य असे भाग असतात. यांपैकी मथळा सर्वांत महत्त्वाचा मानला जातो, कारण बहुसंख्य वाचक त्याच्या पुढे जात नाहीत.

मथळ्याचे कार्य

बातमी वाचण्यासाठी वाचक वर्तमानपत्र विकत घेतो. जाहिरात मात्र त्याच्या वाटेत आलेली असते. त्यामुळे जाहिरातीच्या मथळ्याला प्रथम योग्य वाचकाला थांबवावे लागते आणि नंतर पुढे वाचण्याचे कारण द्यावे लागते. वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिराती हे याचे सर्वांत साधे उदाहरण आहे. ‘वधू पाहिजे’, ‘जागा भाड्याने देणे आहे’, ‘शिकवणी’ या मथळ्यांत कोणतेही चातुर्य नसते, तरीही ज्याला गरज आहे तो वाचक नेमका तेथेच थांबतो. इतरांनी ती जाहिरात ओलांडून जावे यात जाहिरातदाराचे काहीच नुकसान नसते.

दुसऱ्या कार्यासाठी मथळ्यात काहीतरी ठोस असावे लागते. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ हा मजकूर साड्यांच्या दुकानाला चालतो, सिमेंटला चालतो आणि दातांच्या दवाखान्यालाही चालतो. म्हणूनच तो कोणाच्याही लक्षात राहत नाही. याउलट एखाद्या घड्याळजीने ‘सकाळी दिलेले घड्याळ संध्याकाळी तयार, उशीर झाल्यास मजुरी नाही’ अशी पाटी लावली, तर ते विधान खोटे ठरण्याची शक्यता त्याने स्वतःहून पत्करलेली असते. ग्राहकाचा विश्वास या पत्करलेल्या जोखमीवर बसतो. ठोस विधान तपासता येते आणि विशेषण तपासता येत नाही, हा भेद जाहिरातलेखनाच्या इतिहासात पुनःपुन्हा समोर आलेला दिसतो.

इतिहास

आधुनिक जाहिरातलेखनाची घडण मुख्यतः अमेरिकेत झाली. १९०४ साली जॉन ई. केनेडी या लेखकाने शिकागो येथील लॉर्ड अँड टॉमस या संस्थेतील ॲल्बर्ट लास्कर यांना जाहिरातीची व्याख्या ‘छापील विक्रयकला’ अशी सांगितली. दारावर येणारा विक्रेता जी कारणे देऊन माल खपवतो, तीच कारणे कागदावर आली पाहिजेत, असा तिचा आशय होता. तोपर्यंत नाव मोठ्या अक्षरांत छापणे म्हणजेच जाहिरात, अशी समजूत प्रचलित होती.

क्लॉड हॉपकिन्स यांनी या विचाराला पद्धतीचे रूप दिले. श्लिट्झ या बिअरच्या जाहिराती लिहिण्यापूर्वी त्यांनी कारखाना स्वतः पाहिला. सर्वच उत्पादक त्या वेळी ‘शुद्ध’ हा शब्द मोठमोठ्या अक्षरांत छापत असत, पण शुद्ध म्हणजे काय हे कोणी सांगत नव्हते. हॉपकिन्स यांनी वाफेने धुतलेल्या बाटल्या, गाळलेल्या हवेच्या काचबंद खोल्या, खोल विहिरींचे पाणी यांचे वर्णन केले. या गोष्टी इतर कारखान्यांतही होत असत. फक्त त्या आधी कोणी लिहिल्या नव्हत्या. प्रक्रिया सर्वांची असूनही श्रेय पहिल्याने सांगणाऱ्याला मिळाले. ही युक्ती मानावी की लबाडी, हा प्रश्न मात्र उरतोच. हॉपकिन्स यांचा ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हा छोटेखानी ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला.

टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांमुळे मथळ्यांची परीक्षा शक्य झाली. जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठवायचे कुपन असे आणि त्यावरील पत्त्यात प्रत्येक जाहिरातीसाठी वेगळा विभाग क्रमांक घातलेला असे. त्यामुळे कोणत्या मथळ्याने किती ग्राहक आणले हे मोजता येई. या पद्धतीचे प्रमुख अभ्यासक जॉन केपल्स होत. घरबसल्या पियानो शिकवणाऱ्या पत्रद्वारा अभ्यासक्रमासाठी त्यांनी १९२५ च्या सुमारास लिहिलेला मथळा प्रसिद्ध आहे. आपण पियानोपाशी बसलो तेव्हा सगळे हसले, पण वाजवू लागताच चित्र पालटले, असे त्यात एक सामान्य माणूस सांगतो. अभ्यासक्रम, शुल्क किंवा शिक्षक यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही; चारचौघांत फजिती होण्याची भीती आणि तिच्यावर मात केल्याचे समाधान एवढेच आहे. त्यांचे ‘टेस्टेड ॲडव्हर्टायझिंग मेथड्स’ हे पुस्तक १९३२ साली निघाले. एका टपाल-जाहिरातीने दुसरीच्या साडेएकोणीस पट माल विकल्याचे आपण पाहिले आहे, असे केपल्स यांनी नमूद केले आहे. दोन्हींचे आकार व माध्यम सारखेच होते. फरक आवाहनात होता.

डेव्हिड ओगिल्वी यांनी १९५८ साली रोल्स-रॉइस मोटारीसाठी केलेली जाहिरात पाठ्यपुस्तकांत हमखास आढळते. ताशी ६० मैल वेगातही या गाडीतील सर्वांत मोठा आवाज विजेवरच्या घड्याळाचा असतो, असा तिच्या मथळ्याचा आशय होता. हे वाक्य ओगिल्वी यांना सुचलेले नसून मोटारविषयक नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाने केलेल्या निरीक्षणातून घेतलेले होते आणि तशाच आशयाची जाहिरात १९३३ साली पिअर्स-ॲरो या मोटारीसाठी येऊन गेली होती. ‘शांत’ किंवा ‘आलिशान’ यांपैकी एकही विशेषण मथळ्यात नाही. त्याखाली सुमारे ६०० शब्दांचा माहितीपर मजकूर होता. सरासरी पाहता मुख्य मजकुराच्या पाचपट लोक मथळा वाचतात, हे त्यांचे मत सर्वत्र उद्धृत केले जाते.

याच सुमारास न्यूयॉर्कमधील डॉइल डेन बर्नबाख या संस्थेने फोक्सवॅगन मोटारीसाठी वेगळी वाट काढली. १९६० च्या एका जाहिरातीत गाडीच्या छायाचित्राखाली ‘लेमन’, म्हणजे अमेरिकी बोलीत सदोष माल, एवढाच मथळा होता. हातमोज्यांच्या कप्प्यावरील पट्टीला डाग आढळल्याने ही गाडी तपासनिसांनी नाकारली, असा खुलासा खालच्या मजकुरात होता. मालकानेच आपल्या मालाला दूषण द्यावे, हे जाहिरातीच्या प्रथेविरुद्ध असल्यामुळे वाचक थांबला.

भारतातील प्रवाह

मुंबईत १९६६ साली सिल्व्हेस्टर दाकुन्हा व चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी अमूल लोण्याच्या जाहिरातीतील ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी निर्माण केली. होर्डिंगसमोरून जाणाऱ्याला काही क्षणच मिळतात, म्हणून या मालिकेत ताज्या घडामोडीवरची एक ओळीची शब्दकोटी आणि छोटे घोषवाक्य यांपलीकडे मजकूर नसतो. येथे लोण्याच्या गुणांविषयी कोणताही दावा नाही. हॉपकिन्स यांच्या सूत्रात ही मालिका बसत नाही, तरी ती दशकानुदशके चालू राहिली आहे.

सर्फ या धुण्याच्या पावडरीची ‘ललिताजी’ मात्र त्याच सूत्रातली आहे. निरमाच्या स्वस्त पावडरीने बाजार काबीज केल्यावर लिंटास संस्थेत अलेक पदमसी यांच्या मार्गदर्शनाखाली ही दूरचित्रवाणी जाहिरात तयार झाली. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ही गृहिणी महाग पावडर का घेते, याचे उत्तर हिशेबाने दिले होते: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर. हिशेब पटो वा न पटो, घरी करून पाहता येण्याजोगा होता.

मराठीतील प्रश्न

मराठी वाचकांपुढे येणाऱ्या राष्ट्रीय जाहिरातींपैकी पुष्कळशा मुळात इंग्रजी किंवा हिंदीत लिहिलेल्या असतात. त्यांचे शब्दशः भाषांतर केल्याने मथळ्याची धार जाते. हिंदीतील ‘बाल झड़ना’ यावरून मराठीत ‘केस झडणे’ लिहिले जाते. मराठीत पाने झडतात, केस गळतात. त्वचेचा ‘निखार’ वाढवणारे मलम मराठी वाचकाला आधी चुलीतल्या निखाऱ्याची आठवण करून देते. अशा शब्दांमुळे अर्थ समजतो, पण हे आपल्याशी बोलणे नव्हे हेही लगेच समजते.

संबोधनाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजीतील एकाच सर्वनामासाठी मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. ‘तू’ वापरल्यास क्रियापदाला लिंग येते (‘तू वापरतोस’, ‘तू वापरतेस’) आणि अर्धा वाचकवर्ग वगळला जातो. ‘तुम्ही वापरता’ हे रूप दोघांनाही चालते. बहुतेक मराठी जाहिराती ‘तुम्ही’वर स्थिरावण्यामागे आदराइतकेच हेही कारण असावे. ‘आपण’ बँका व शासकीय निवेदनांना शोभते, पण त्याचा अर्थ कधी ‘तुम्ही’ तर कधी ‘आम्ही आणि तुम्ही’ असा होत असल्याने लहान मथळ्यात संदिग्धता येते.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, हीही अडचण ठरते. इंग्रजी मथळा कृतीने सुरू होऊ शकतो. मराठीत तसे केल्यास वाक्य पद्यासारखे किंवा भाषांतरित वाटते. अनुभवी लेखक म्हणून क्रियापदच गाळतात: वर दिलेल्या घड्याळजीच्या पाटीत एकही मुख्य क्रियापद नाही.

दिशाभूल आणि नियमन

ठोस विधान विश्वास निर्माण करते, म्हणून खोटे ठोस विधान अधिक अपायकारक असते. लिस्टरिन हे गुळण्यांचे औषध सर्दीला प्रतिबंध करते, असा दावा अमेरिकेत अनेक दशके केला गेला. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली हा दावा खोडून काढणारा मजकूर कंपनीने स्वतःच्याच जाहिरातींत छापावा, असा आदेश दिला व १९७७ साली अपील न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला. जाहिरात थांबली तरी लोकांच्या मनातील समजूत थांबत नाही, हा त्यामागील विचार होता.

भारतात विशिष्ट रोग बरे करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी आहे. १९८५ साली स्थापन झालेली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही व्यवसायाची स्वयंनियामक संस्था तक्रारींची दखल घेते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. स्थावर संपदा अधिनियम २०१६ अन्वये जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकाला झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाने द्यावयाची असते. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी बारीक अक्षरांतील ‘अटी लागू’ या प्रथेलाही मर्यादा घातली: खुलासा दाव्याच्याच भाषेत व ठळकपणे दिसेल असा असावा आणि त्याने मूळ दाव्याला छेद देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे.