पोटगी आणि वाटणी

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं होतं, "सर, नवराबायको वेगळे झाले तर घरदार न्यायाने कसं वाटायचं, याचं उत्तर तुमच्या तत्त्वज्ञानात आहे का?" मी तेव्हा गुळमुळीत काहीतरी बोललो. आज नीट बोलायचा प्रयत्न करतो. उदाहरणं आपल्या जुन्नर-आंबेगावचीच घेणार आहे, कारण हा प्रश्न मला पहिल्यांदा इथेच भेटला.

गोष्ट १९७८ सालची. मी नवा प्राध्यापक, अक्षर बरं, म्हणून जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावात सोडचिठ्ठीचा कागद लिहायला मला बोलावलं. चार जाणती माणसं बसली होती. मी यादी केली : भांडी, दोन लुगडी, गळ्यातलं, एक ट्रंक. मग नवऱ्याने एकदाच द्यायची रक्कम ठरली. बाई तोपर्यंत गप्प होती. कागद वाचून दाखवल्यावर म्हणाली, "आन् विहिरीचं काय?" बाहत्तरच्या दुष्काळात नवऱ्याने विहीर पाडली, तेव्हा तिने सगळा मुरूम डोक्यावरून वर काढला होता. बैठकीतली माणसं हसली. मीही हसलो. आजचं व्याख्यान त्या हसण्याबद्दल आहे असं समजा.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, पोटगी आणि वाटणी. पोटगी पोटावरून आली, जगण्यापुरतं देणं. वाटणीत वाटा आहे, म्हणजे आधीपासून जे आपलं होतं ते वेगळं करून घेणं. भाऊ वेगळे होतात तेव्हा आपण वाटणी म्हणतो. नवराबायको वेगळे होतात तेव्हा पोटगी म्हणतो. भावांची वाटणी करण्यात आपला शेतकरी मोठा हुशार आहे बरं का! बांध कुठे पडेल, विहिरीवर कोणत्या वारी कुणाची पाळी, बांधावरच्या आंब्याचं काय, सोसायटीचं कर्ज कुणी किती फेडायचं, सगळं ठरतं. वाटे पाडणाऱ्याने शेवटी उचलायचं, म्हणजे तो सारखेच पाडतो. आणि भावाला कुणी विचारत नाही की वाटा घेऊन तू काय करणार, किंवा दुसरं लग्न केलंस तर परत देशील का. पोटगीचं तसं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मिळालेली पोटगी, घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं तर न्यायालय बदलू शकतं, रद्दही करू शकतं.

हे असं का झालं? लोक म्हणतात, आपली परंपराच तशी. जरा थांबा. आपस्तंब धर्मसूत्रात एक विधान आहे, की पतिपत्नींमध्ये विभाग होत नाही. ऐकल्याबरोबर वाटतं, बघा, बायकोला वाटा नाही. पण आपस्तंब लगेच कारण सांगतो. लग्नापासून दोघं धर्मकृत्यांत, त्यांच्या फळात आणि धन मिळवण्यातही एकत्र आहेत, म्हणून विभाग नाही. पुढे तो असंही म्हणतो, की नवरा गावाला गेला असताना बायकोने प्रसंगी दान दिलं तर ती चोरी ठरत नाही. म्हणजे "विभाग नाही" या शब्दांचे दोन अर्थ निघतात. एक, तिचं काही नाही. दुसरा, सगळंच दोघांचं आहे. आपण वाक्य ठेवलं आणि कारण विसरलो.

अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर कल्याणीच्या चालुक्यांकडे विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. महाराष्ट्रात हिंदू कायदा मुख्यतः तिच्यावर उभा राहिला. तिच्यात स्त्रीधनाची व्याख्या बरीच रुंद आहे. इंग्रजांच्या काळात प्रिव्ही कौन्सिलने ती अरुंद केली. आणखी एक गंमत. बाप आणि मुलगे वाटणी करतात तेव्हा बायकोला मुलाइतका वाटा मिळतो, हा नियम आपल्याकडे चालत आला. फक्त ती स्वतः वाटणी मागू शकत नाही. म्हणजे बापलेक भांडले तर तिला वाटा आहे, पण नवरा तिच्याशी भांडला तर नाही!

आता रूढी. आपल्याकडे बहुसंख्य जातींत काडीमोड होती, पाट होता. पेशवाईत पाट लावण्यावर पाटदाम नावाचा करही होता. सरकार ज्यावर कर घेतं ती गोष्ट चोरून होत नसते. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनच्या हुकुमाने आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातींच्या चालीरीती विचारून विचारून लिहून काढल्या. ते पुस्तक १८२७ साली निघालं. वेगळं होणं सोपं होतं, एवढं त्या काळाबद्दल खात्रीने म्हणता येतं. पण हिशेब कशाचा व्हायचा? अनेक जातीजमातींत नवा नवरा पहिल्याला लग्नाचा खर्च भरून द्यायचा. बाई आणायला आलेला खर्च मोजला गेला, बाईने केलेलं काम मोजलं गेलं नाही. म्हणून जुनं ते सोनं म्हणायलाही मी तयार नाही.

मग पाहणी-मोजणी आली. १८३६ साली इंदापुरापासून नवी मोजणी सुरू झाली आणि हळूहळू दख्खनभर पसरली. प्रत्येक जमिनीच्या तुकड्यापुढे सारा भरणाऱ्याचं नाव लागलं. सरकारला शेतात कोण राबतं हे नको होतं, सारा कुणाकडून घ्यायचा एवढंच हवं होतं. ते नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. पण पुढे तोच कागद मालकीचा पुरावा झाला. आज आपण सातबारा असा वाचतो, जणू शेत कुणी घडवलं ते त्यात लिहिलंय.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. १९५५ मध्ये देशाचा हिंदू विवाह कायदा आला. लग्न मोडायची वाट त्याने दिली, पण वाटणीचा नियम दिला नाही. कलम २७ आहे, पण त्याचा मजकूर लग्नाच्या वेळी मिळालेल्या, दोघांच्या मिळून असलेल्या वस्तूंपुरता. स्त्रीधन बाईचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ठणकावून सांगितलं. चांगलं झालं. पण माझ्या त्या यादीतली ट्रंक आणि गळ्यातलं एवढंच त्यात बसतं. विहीर बाहेरच राहते. १९५६च्या वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गातली वारस झाली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. म्हणजे वडील वारले तर मुलगी आहे, नवरा वारला तर बायको आहे. नवऱ्याने सोडलं तर?

आता आपल्या तालुक्यांचे दोन भाग डोळ्यांसमोर आणा. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. द्राक्षं आली, कांदा आला, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार उभा राहिला. खुरपणी, तोडणी, प्रतवारी, गोठा यांतलं कितीतरी काम बायांचं. नाव मात्र सातबाऱ्यावर एकाचं. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या अंगाला महादेव कोळी, ठाकर, हिरडा गोळा करणारी गावं. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह आणि वारसा कायदे लागूच नाहीत, तिथे रूढी चालते. त्या भागाला आपण मागास म्हणतो. पण २००६च्या वनहक्क कायद्याने सांगितलं, की विवाहितांना मिळणारा वनहक्क नवराबायको दोघांच्या नावाने नोंदवायचा. जे बागायती भागात झालं नाही ते जंगलात झालं, निदान कायद्याच्या कागदावर तरी.

शेजारच्या खेड तालुक्यात आंबेठाणला शरद जोशी राहायचे. १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली : शेतकऱ्याने आपणहून काही जमीन बायकोच्या नावावर करायची. बऱ्याच शेतकऱ्यांनी केली. जोशींचं म्हणणं होतं, हे दान नाही, कर्ज फेडणं आहे. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत आहे : वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची, आणि वेगळं होताना निम्मी निम्मी. दिल्लीतही प्रयत्न झाला. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं.

मग न्याय्य वाटणी कोणती? शेतकरी म्हणेल, "सर, जमीन माझ्या आज्याची. ती मोडून द्यायची? भावांचं काय, आईबापाचं काय?" ही हरकत खोटी नाही. मी तिला असं उत्तर देतो : मूळ आणि वाढावा वेगळे धरा. लग्नाआधीची, वाडवडिलांची जमीन हे मूळ. लग्नानंतर त्यावर जे वाढलं, विहीर, पाइपलाइन, बाग, गोठा, घर, बँकेतली शिल्लक, हा वाढावा. तो दोघांनी मिळून केला असंच धरून चालायचं. उलट म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा. तिच्या नावावर वाढलेलंही त्यातच धरायचं आणि दोघांच्या संसारासाठी काढलेलं कर्जही. शेताचे तुकडे करायला नकोत. किंमत काढा आणि हप्त्याने द्या. पोरं कुणाजवळ राहणार तेही पाहा. स्वयंपाक आणि पोरं सांभाळणं ही मदत नसून कमाईतला भाग आहे, हे २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही एका निकालात मान्य केलं.

एवढं सगळं झाल्यावरही एखाद्याला गरज असेल तर पोटगी द्यावी. पण आधी वाटणी, मग पोटगी. गरज हा एक प्रश्न आहे आणि हक्क हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दिलं म्हणून दुसरा सुटत नाही. मी १९७८ साली तेच केलं होतं. रक्कम चांगली ठरवली म्हणून घरी येताना मला समाधानही वाटलं होतं.

ती विहीर अजून आहे. बाई राहिल्या नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला पंचेचाळीसहून अधिक वर्षं उशिरा सुचलं, त्याचा त्यांना उपयोग नाही. तुम्हाला असेल. आज घरी गेल्यावर आपला सातबारा काढून बघा, त्यावर कुणाची नावं आहेत आणि कुणाची असायला हवी होती. भांडण व्हायच्या आधी हे बघणं सोपं असतं.

आता प्रश्न विचारा, आणि या वेळी मी गुळमुळीत उत्तर देणार नाही.